जित्या अंगावरचा करदोडा

मार्गशीर्ष उतरणीला लागला की शहरात अंबरपेठच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुरीच्या शेंगांची हातगाडी उभी राहते. गाडीवाला मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडतो आणि त्या वाफेचा वास दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून आत येतो. माय हातातलं काम थांबवते. "येळवस आली ग," म्हणते. पूर्वी या वाक्यानंतर घरात गडबड उडायची, पिशव्या निघायच्या, उदगीरकडच्या गाडीची चौकशी व्हायची. आता आम्ही दोघी हातातलं ठेवून कान देतो. आतल्या खोलीत माझे वडील, अण्णा, चालत असतील तर त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहतो.

लातूर, उदगीर, बीदरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. ती वेळ अमावास्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रानं भरतात. शेतात कडब्याची खोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचं. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील, हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे. आधी रानाला द्यायचं, मग आपण खायचं. आंबील पानाने पिकावर शिंपडत घरचा कर्ता माणूस शेताला फेरी घालतो. दिवस मावळला की गवताचा पेंढा बांधून पेटवतात, त्याला हेंडगा म्हणतात. तो जळता हेंडगा घेऊन एकाने बांधाबांधाने पळत शेताला वेढा घालायचा. लहानपणी मी खोपीच्या तोंडाशी बसून ते बघायची. ज्वारी माणसापेक्षा उंच असते. पळणारा दिसत नाही, कणसांच्या वरून नुसता जाळ जाताना दिसतो. तो जाळ कुणाच्या हातात आहे हे माहीत असूनही अंगावर काटा यायचा.

आमच्या घराची आणखी एक रीत होती, ती दुसरीकडे मी पाहिली नाही. हेंडगा फिरवून आलेल्या माणसाने हातपाय धुवायचे, नवा करदोडा बांधायचा, आणि जुना त्या निखाऱ्यावर टाकायचा. करदोडा म्हणजे गडी माणसाच्या कमरेचा काळा गोफ. तान्ह्या पोराला बांधतात, आणि माणूस गेला की तोडतात. मधल्या सगळ्या आयुष्यात तो बदलतात, पण कंबर मोकळी ठेवत नाहीत. मोकळी कंबर मेलेल्याची, असं आमच्याकडे म्हणतात.

अण्णा गावात होते तेव्हा त्यांचा करदोडा एवढासा असायचा. सकाळी शिळी भाकरी आणि कांदा, दुपारी बांधावर ताजी भाकरी आणि ठेचा, आणि दिवसभर रान. अंगावर वाया गेलेलं मांस नव्हतं. मग नामपल्लीजवळच्या एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. रानाच्या जागी एक स्टूल आलं. दर टेबलाबरोबर एक चहा, चहाबरोबर खारी-गोड बिस्किटं, कुणाची बढती झाली की मिठाई, कुणाकडे लग्न असलं की दावतीची बिर्याणी. घरात कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ आला. ज्वारी महाग, तांदूळ जवळजवळ फुकट, आणि भाकरी थापायला जळणापासून वेळेपर्यंत सगळंच कमी. भाकरी आमच्या घरातून भांडून गेली नाही. ती आधी एका वेळची झाली, मग रविवारची, आणि मग सणाची.

माय दर मार्गशीर्षात कोठीच्या बाजारात करदोडा घ्यायला जायची. दुकानदार एक काढायचा, ती म्हणायची, "याच्यापरीस लांब दाखवा." दरवर्षी तेच वाक्य. ऑफिसातले लोक अण्णांना पैलवान म्हणायला लागले होते. गावात तर कौतुकच होतं. "पाव्हण्याला शहर मानवलं," असं चुलते नाना सगळ्यांना सांगायचे. पुढे पुढे अण्णांना पळवेना, हेंडगा नानांकडे गेला. अण्णा खोपीत बसून टाळ्या वाजवायचे आणि नाना धापा टाकत परत आले की म्हणायचे, "बैल म्हातारा झाला की रं तुझा."

मी घरातली पहिली शिकलेली. आम्ही गावी होतो तेव्हा तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एकदा ज्वारीचा दाणा कापून भिंगाखाली दाखवला होता. "हे सगळं तुझ्या पोटात जातं, ते पुढं काय होतं हे तुला शिकायचं नाही का?" असं त्यांनी विचारलं होतं. त्या प्रश्नावर मी आहारशास्त्राची पदवी घेतली, आणि आज कोठीजवळच्या एका कॉलेजात मुलींना तेच शिकवते. बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण पोटात गेलेल्याचं पुढे काय होतं हे कळणं वेगळं आणि ते आपल्या बापाला पटवणं वेगळं, हे बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं.

ज्या येळवशीबद्दल मला लिहायचं आहे, त्या हिवाळ्यात मी वर्गात बदलत्या आहाराचा धडा घेत होते. त्यात उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची माहिती होती. बर्फात शेती नाही. पिढ्यान्‌पिढ्या सील, रानटी हरण, मासे, व्हेलची चरबीसकट कातडी, बरंचसं कच्चं किंवा गोठलेलं, हेच त्यांचं अन्न. हिरवा पाला नसूनही ती माणसं टिकली, कारण त्या कच्च्या मांसात नि कातडीत अंगाला लागणारं पुष्कळ काही होतं. मग वस्त्या झाल्या, दुकानं आली. विमानाने आणि जहाजाने मैदा, साखर, गोड सोडा, पाकिटातलं खाणं येऊ लागलं. शिकार कमी, बसणं जास्त. अंगं बदलली, वजनं वाढली, पूर्वी क्वचित दिसणारे आजार घरोघरी आले.

त्यातली एक गोष्ट मी मुलींना फळ्यावर दोन माणसं काढून समजावली होती. वजनाचे तक्ते ज्यांच्या अंगावर बेतले ते लोक तिसरेच. इनुइट माणूस मुळात ठेंगणा, रुंद बांध्याचा. तक्ता त्याला जाड म्हणेल, पण तेवढ्या वजनाने त्याच्या रक्तात जो बिघाड व्हायला हवा तो कदाचित नसेल. आणि आपल्याकडचा माणूस त्याच तक्त्यात बरा दिसेल, पण आतून साखरेने पोखरलेला असेल. वजन सगळ्यांच्या अंगात एकच भाषा बोलत नाही. मुलींनी ते लिहून घेतलं. मी हात झटकून खडूची पूड उडवली आणि घरी आले.

घरी आल्यावर मी शिकवलेलं अण्णांना सांगायची. त्यांना ते आवडायचं.

"म्हणजे जवारी न्हाई, गहू न्हाई, कायच न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही. सील नावाचा पाण्यातला प्राणी. तो मारायचा आणि कच्चा खायचा."

"शी!" माय आतून ओरडली.

"शी काय ग? त्येंच्या रानातलं हाय ते. तुझी आंबील त्येंनी बघितली तर ते बी शीच म्हणतील." मग माझ्याकडे वळून, "आन आता काय खाऊलालेत?"

"मैदा. साखर. पाकिटातलं. विमानानं येतं."

अण्णा हसले. "आपलं कंट्रोलनं आलं. त्येंचं इमानानं. मोठी माणसं."

मी सांगितलं की त्यांच्यात अशी एक जुनी समजूत आहे: प्राणी आपणहून शिकाऱ्याकडे येतो. जो मान ठेवतो त्याला ओळखतो, त्याच्या हाती स्वतःला देतो. अण्णांचं हसणं थांबलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, सगळा रिकामा केला, आणि म्हणाले, "मग दुकानातलं खाऊन त्येंचं अंग बदललं, तर त्या जनावरानं त्येंला वळखायचं कसं?"

पण त्या वेळी मला प्रश्न ऐकू आला त्याहून जास्त तो तांब्या दिसला. जेवण झाल्यापासूनचा तो कितवा तांब्या होता, कोण जाणे.

कारण तोवर अण्णा बारीक व्हायला लागले होते.

दिवाळीच्या आसपास सुरुवात झाली असावी. आधी पोट गेलं. मग गाल. मानेवरची वळी गेली आणि तिच्या जागी दोन शिरा उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावरचा शिंपी, खाजाभाई, पँटी आवळून आवळून थकला. "अण्णा, कमर किधर रख को आए?" त्याने विचारलं. "गाँव को भेज दिया," अण्णा म्हणाले, आणि दोघे खूप हसले. घरात आनंद होता. मीच आग्रह करून रात्रीची भाकरी परत सुरू केली होती, तिचा गुण आला असं सगळे म्हणू लागले. मायने ट्रंकेतून लग्नानंतरच्या वर्षांतला सदरा काढला. तो अण्णांना बेताचा बसला. ते सदरा घालून दारात उभे राहिले तेव्हा माय दचकली आणि मग लाजली. नंतर मला हळूच म्हणाली, "तवाचं माणूस परत आल्यावानी वाटलं. पण डोळे त्येचे नव्हते ग."

माठ दुपारीच रिकामा व्हायचा. थंडीचे दिवस, तरी. आणि मुंग्या. हिवाळ्यात मुंग्या कमी दिसतात, पण आमच्या न्हाणीघरात रोज सकाळी एक काळी रेघ भिंतीवरून उतरून मोरीपाशी जमायची. माय मुंग्यांच्या खडूने रेघा मारायची. दुसऱ्या दिवशी त्या रेघा ओलांडून त्या आलेल्या असायच्या. एकदा मी अण्णांच्या चपला उचलल्या तर डाव्या चपलेच्या पट्ट्यावरही तीच रांग. जणू त्या माणसामागे हिंडत होत्या. मला त्याचा अर्थ माहीत होता. माहीत असल्यामुळेच ती रांग बघवत नव्हती.

"अण्णा, एकदा रक्त तपासू या."

"जाड होतो तवा म्हणलीस दवाखान्यात चला. बारीक झालो तरी दवाखानाच? मग माणसानं राहावं तरी कसं, बाई?"

"लघवीला मुंग्या लागतात ते साखरेमुळं."

"साखर तर मी सोडली की. मुंग्यांला कळलं न्हाई वाटतं."

मायनेही त्यांचीच बाजू घेतली. "एवढं चांगलं झालं तर नजर लावू नको." मी रोज विचारायची, ते रोज टोलवायचे. पिढ्यान्‌पिढ्या पातळ अंगाने रान केलेली माणसं आम्ही. पातळ अंग म्हणजे धट्टं अंग, ही खूण आमच्या डोळ्यांत इतकी खोल बसलेली की तिच्यामागे दुसरं काही लपून येईल हे कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. मुलींना फळ्यावर शिकवलेलं वाक्य मी घरात तीनतीनदा बोलले. ते घरात शिरलंच नाही.

येळवशीला आम्ही गावी गेलो. अण्णांनी तो जुना सदरा आणि धोतर घातलं होतं. दुपारी ते बांधावरून आंबील शिंपडत खोपीकडे आले, आणि चुलीपाशी बसलेले नाना एकदम उठून उभे राहिले. त्यांच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

"काय झालं रं?" अण्णा म्हणाले.

नाना जरा वेळाने बसले. "काय न्हाई. आपला बाप बांधावरून आला असं वाटलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाप बी शेवटी असाच वाळला होता. नुसतं पाणी मागायचा."

आजोबा मी जन्मायच्या आधी गेले. कशाने गेले हे कुणाला माहीत नव्हतं. त्या काळी माणूस वाळून जायचा, एवढंच. मी अण्णांकडे बघितलं. ते आंबिलीच्या मडक्याला तोंड लावून पीत होते, हातानं नाही, वाटीनं नाही, सरळ मडक्याला. पिणं थांबत नव्हतं. रान निवांत होतं. हरभऱ्यावर ऊन पडलं होतं, भज्जीचा वास सुटला होता, पोरं हिंदोळ्यावर ओरडत होती. सगळं लहानपणीसारखं होतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दिवस मावळल्यावर अण्णा म्हणाले, "यंदा हेंडगा मी फिरवणार. बैल तरणा झालाय."

"करदोडा सैल झालाय तुमचा. गाठ तरी मारून घ्या," माय म्हणाली.

"फिरून आलो की नवाच बांधायचाय. कशाला गाठ?"

जाळ निघाला. पहिल्या बांधाला सरळ, झपझप, तरण्या माणसाने पळावं तसा. कोपऱ्यावर वळला. ज्वारीच्या कणसांवरून तो लाल ठिपका एकटाच जात होता. नाना ओरडून शाबासकी देत होते. आणि पलीकडच्या बांधावर, ज्वारी सगळ्यात उंच असते तिथे, तो थांबला.

आम्हाला वाटलं दम घेताहेत. जाळ हलेना. पुढे नाही, मागे नाही. मग तो हळूहळू खाली वाकला, जणू कुणी हात धरून त्याला जमिनीकडे नेत होतं, आणि विझला.

"अण्णा!" मी हाक मारली. उत्तर नाही. फक्त ज्वारीची पानं वाजत होती.

मी आणि नाना पिकातून आडवे धावलो. माझ्या हातात मोबाइलचा उजेड. अण्णा बांधावर उभे होते. पडलेले नव्हते, बसलेले नव्हते. पाय जुळवून, हात खाली सोडून, ताठ उभे. हेंडगा ओल्या मातीत धुमसत होता.

"पुढं येऊ नका," ते कुजबुजले. "खाली कुणीतरी माझे पाय धरलेत."

नाना थबकले. माझाही पाय उचलेना. मग मी उजेड खाली नेला. दोन्ही घोट्यांभोवती एक काळं वेटोळं होतं. क्षणभर मी जे समजले ते लिहीत नाही. ते हललं नाही. तो अण्णांचा करदोडा होता. धोतरावरून बांधलेला, पळताना कमरेवरून घसरून, मांड्यांवरून, गुडघ्यांवरून उतरून पायांत येऊन बसलेला. तुटलेला नव्हता. गेल्या येळवशीला मारलेली गाठ तशीच होती.

माय मागून आली. तिने बघितलं. खाली बसली, अण्णांचा एक पाय उचलून वेटोळ्याबाहेर काढला, मग दुसरा, तान्ह्या पोराचा काढावा तसा. करदोडा उचलून पदरात बांधला. खोपीत आल्यावर अण्णा हातपाय धुऊन उभे राहिले आणि नव्या करदोड्यासाठी हात पुढे केला.

"आता न्हाई," माय म्हणाली.

"म्हंजे?"

"मेलेल्याचा तोडावा लागतो. जित्याच्या अंगावरून असा गळत न्हाई. गाठ न सुटता गळला. म्हंजे तुम्ही कोण हाव ते मला आता ठावं न्हाई. सकाळी दवाखान्यात चला. डाक्टर म्हणू दे जिते हाव म्हणून. मग बांधते."

"मोकळ्या कमरेनं? रातभर?"

"व्हय."

अण्णा चेष्टा करतील असं मला वाटलं. ते करायचेच. पण ते खोपीच्या आत, पांडवांपाशी, धोतराचा सोगा दोन्ही हातांनी कमरेला घट्ट धरून बसून राहिले. मी महिनाभर सांगत होते त्याने जे झालं नाही, ते त्या मोकळ्या कमरेने केलं.

सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात बोटातून थेंब काढला. यंत्रावर आकडा उमटला नाही. रक्तातली साखर त्याच्या मोजण्यापलीकडची होती. डॉक्टरांनी अण्णांकडे, मग आमच्याकडे बघितलं. "हे उभे कसे आहेत?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सलाईन लावायला लावलं. बोलता बोलता ते म्हणाले की आणखी थोडे दिवस गेले असते तर तुम्ही दवाखान्यात आला नसता. अंगाला साखर वापरता येईना म्हणून अंग स्वतःलाच खात होतं. आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते हे होतं.

दोन दिवसांनी त्यांचे डोळे त्यांचे झाले. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मायने त्यांना सरळ विचारलं, "जिते हायत का?" डॉक्टर गोंधळले, मग म्हणाले, "हो की, आजी. चांगले जिते आहेत." तिने पिशवीतून नवा करदोडा काढला आणि तिथेच, खाटेवर, नर्सच्या देखत बांधला.

त्या दुपारी अण्णांनी मला जवळ बोलावलं. "त्या बर्फातल्या लोकांचं सांगितलं होतंस न्हवं. आपलं रान बी तसंच असंल का? मला वळखलं न्हाई म्हणून पाय धरले, का वळखलं म्हणून?"

"करदोडा होता अण्णा तो."

"ते ठावं हाय मला," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी आजही वर्गात तो धडा घेते. मुली विचारतात, मॅडम, त्या लोकांनी परत जुनं खावं का? मी सांगते की पुष्कळजण शिकारीला पुन्हा मुलांना नेतात, जमेल तेवढं आपलं अन्न ताटात आणतात. पण माणूस जुन्या अंगात तसाच्या तसा परत जाऊ शकत नाही. त्या अंगाला साजेसं रान, काम, भूक हे सगळं मागे राहिलेलं असतं. जुनं अंग एकटंच परत आलं तर घाबरावं. हे शेवटचं वाक्य मी बोलत नाही. ते माझ्यापुरतं ठेवते.

आता अण्णा निवृत्त आहेत. जेवणाआधी पोटात सुई टोचून घेतात, एक भाकरी खातात, चौकापर्यंत चालून येतात. त्या रात्रीचा करदोडा मायने जाळला नाही. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला तो टांगलेला आहे, गाठीसकट. खिडकीतून वारा आला की हलतो. एका माणसाएवढी गोल मोकळी जागा, ज्यात आता कुणी नाही.

आज सकाळी शेंगांचा वास आला तशी माय उठली. तिने तो खिळ्यावरून काढला आणि अण्णांना म्हणाली, "उभे राहा." अण्णा उभे राहिले. तिने तो त्यांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून खाली घेतला, कमरेवर आणला आणि सोडून दिला. तो घसरला. कमरेच्या हाडावर येऊन तो थांबला.

"बस," माय म्हणाली. "एवढंच राहू दे. याच्यापरीस जास्त न्हाई आन कमी बी न्हाई."

"चालून दाखवू का?" अण्णांनी विचारलं, आणि आमच्या हो-नाहीची वाट न बघता दाराकडे निघाले.

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. पायांकडे बघत होतो.